'शहीद' शेरूच्या बातमीत काय नसतं?

जून लागला, पहिले दोन-चार पाऊस पडले, की ती बातमी येतेच. नाव बदलतं, गाव बदलतं. कधी शेरू असतो, कधी टायगर, कधी मोती. मथळा मात्र ठरलेला: मालकासाठी दिले प्राण, नागाशी झुंज देत कुटुंबाला वाचवले. सोबत फोटो असतो, अंगणात शेजारी शेजारी पडलेले दोन देह, एक सापाचा, एक कुत्र्याचा. आपण वाचतो, गलबलतो, स्टेटसला ठेवतो, खाली हात जोडलेले इमोजी येतात. दुसऱ्या दिवशी स्टेटस गेलं की शेरूही गेला.

पत्रकारितेच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवतात की बातमीत सहा प्रश्नांची उत्तरं हवीत. कोण, काय, कधी, कुठे, का आणि कसं. शेरूच्या बातमीत पहिल्या चारांची उत्तरं बिनचूक असतात. शेवटचे दोन प्रश्न कुणी विचारतच नाही. साप त्या अंगणात का आला होता? शेरू त्याच्यापर्यंत पोहोचला कसा? आणि दंश झाल्यापासून जीव जाईपर्यंत जो वेळ गेला, त्या वेळात घरातले काय करत होते, कुठे फोन लावत होते, तिकडून काय उत्तर आलं? त्या वेळाबद्दल बातमीत एक ओळ नसते. माझ्या मते खरी बातमी तीच आहे.

तुमच्या घरी कुत्रा असेल तर एक गोष्ट आधी मान्य करून टाका. कुत्रा शहीद वगैरे होत नाही. कुत्रा नाकाने जग वाचतो. गवतात काही सळसळलं की तो तिथे नाक खुपसणार, पंजा मारून बघणार, भुंकणार, एक उडी मागे आणि दोन पुढे. नाग फणा काढतो, घोणस कुकरची शिट्टी व्हावी तशी फुसफुसते, फुरसं अंगाचे खवले एकमेकांवर घासून करकर आवाज काढतं. आपल्याला कळतं की ही धमकी आहे. कुत्र्याला ते खेळाचं आमंत्रण वाटतं. म्हणून तर त्याला दंश होतो तो बहुतेक वेळा तोंडावर, नाकावर किंवा पुढच्या पायांवर. यात कुतूहल आहे, थोडी राखणदारीची खोड आहे. बलिदान आपण नंतर चिकटवतो, कारण ती गोष्ट आपल्याला सोयीची पडते. शहीद म्हटलं की कुणाला जाब विचारावा लागत नाही. पंचतंत्रातली मुंगसाची गोष्ट आठवा. बाळाला सापापासून वाचवणाऱ्या मुंगसाचं रक्ताळलेलं तोंड बघून आईने त्यालाच मारलं. निदान त्या गोष्टीत चूक माणसाची आहे हे तरी सांगितलंय.

आता 'का'कडे येऊ. साप अंगणात येतो तो उंदरासाठी, बेडकासाठी, पालीसाठी आणि कोरड्या जागेसाठी. पावसाचं पाणी बिळांत शिरलं की त्यालाही निवारा लागतो. आपण त्याच्यासाठी काय मांडून ठेवलेलं असतं ते जरा बाहेर जाऊन बघा. बांधकामातून उरलेल्या विटांचा ढीग, पुढेमागे लागतील म्हणून ठेवलेल्या फरशा, सरपण, झावळ्या, कंबरेएवढं गवत. आणि कुत्रा पाळणाऱ्यांच्या अंगणात आणखी एक गोष्ट हमखास असते: रात्रभर उघडं पडलेलं त्याचं खाण्याचं भांडं. उरलेल्या पोळीच्या तुकड्यांवर आणि पेडिग्रीच्या दाण्यांवर घुशी-उंदीर येतात, उंदरांच्या मागे साप येतो आणि सापाच्या मागे तुमचा शेरू जातो. संध्याकाळी खाणं झालं की भांडं उचलून घरात ठेवणं हे सर्पबंदीचं सगळ्यात स्वस्त काम आहे. पोतं दाण्याचं असो की तांदळाचं, झाकणाच्या पिंपात गेलं पाहिजे. गेटखालची फट बंद करायला रबराची पट्टी पुरते.

यातलं काही न करता लोक काय करतात? कंपाउंडभर फिनेल ओततात, कार्बोलिक अॅसिड शिंपडतात, कोपऱ्यांत डांबराच्या गोळ्या टाकतात. त्याने साप थांबतो याला काही आधार नाही. कुत्र्याचे पंजे मात्र भाजतात, आणि एखादी डांबरगोळी त्याने गिळली तर सापाविनाच दवाखाना गाठावा लागतो.

पुण्या-नाशिकच्या कडेला डोंगर पोखरून ज्या नव्या स्कीम उभ्या राहिल्यात, तिथल्या वाचकांनी तर हे नीट वाचावं. तुमच्या ब्रोशरवर 'निसर्गाच्या कुशीत' असं लिहिलं होतं ना? कुशीत हेही आलं. साप तिथे आधीपासून राहतात. पझेशन तुम्ही नंतर घेतलंय.

ओळख चौघांचीच पुरे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. देशातले बहुतेक जीवघेणे दंश याच चार जातींचे. घोणस आणि फुरसे यांचं विष रक्तावर हल्ला करतं. दंशाची जागा भराभर सुजते, प्रचंड दुखते, रक्त गोठेनासं होतं, हिरड्यांतून किंवा लघवीवाटे रक्त येऊ शकतं आणि मग मूत्रपिंडं धोक्यात येतात. नाग नसांवर जातो. लाळ गळते, पापण्या जडावतात, चाल लडखडते आणि शेवटी श्वास थांबतो. मण्यार सगळ्यात फसवी. ती रात्रीची फिरते, तिच्या दंशाला ना सूज ना फारशी वेदना. सकाळी उठून बघावं तर कुत्रा जागचा उठत नाही, मागचे पाय ओढतोय, आणि घरातले म्हणतात काल जास्त दमला असेल. केसांत दाताच्या खुणा शोधून सापडतीलच असं नाही. पावसाळ्यात धडधाकट कुत्रा अचानक लुळा पडला तर खुणा नाहीत म्हणून वाट बघत बसू नका.

एक गोंधळ दरवर्षी होतो म्हणून सांगते. घोणस जाडजूड असते, अंगावर तपकिरी गोल नक्षी असते आणि ती सुस्त पडून राहते, त्यामुळे लोक तिला अजगराचं पिल्लू समजतात आणि काहीजण चक्क हातात घेतात. शिवाय घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, एका वेतात वीस-तीस किंवा त्याहून जास्त, साधारण मे ते जुलैच्या दरम्यान. पिल्लं जन्मतःच विषारी असतात. अंगणात एक वीतभर पिल्लू दिसलं तर ते एकटंच असेल असं धरून चालू नका. कुत्र्याला पुढचे काही दिवस साखळीशिवाय बाहेर सोडायचं नाही.

आणि तो क्षण आलाच तर? कुत्रा भुंकतोय, समोर साप आहे. तुमचा पहिला झटका असेल धावत जाऊन त्याचा पट्टा धरण्याचा. तो आवरा. माणसाला चावा बसतो तो असाच, कुत्रा आणि साप यांच्यामध्ये हात घातल्यावर. लांबूनच बोलवा. तुमच्या हाकेला ओ देत नसेल तर तो ज्या आवाजाला हमखास पळत येतो तो आवाज करा: बिस्किटाचा डबा वाजवा, साखळी खुळखुळवा, गाडीचं दार उघडा. (ज्यांचा कुत्रा 'ये' म्हटल्यावर येतो त्यांनी त्याला हे शिकवताना घेतलेले कष्ट इथे वसूल होतात. शेकहँड शिकवण्याआधी हे शिकवा.) कुत्रा आत आला की दार लावा, घरातली पोरं मोजा, आणि एकाने दहा-बारा फुटांवरून सापावर नुसती नजर ठेवा. मग सर्पमित्राला बोलवा. नंबर नसेल तर वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. साप स्वतःहून कंपाउंडबाहेर गेला तर त्याला जाऊ द्या, त्याच्यामागे काठी घेऊन पळायचं कारण नाही. मारायचा तर अजिबात नाही. एक तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. दुसरं म्हणजे अर्धमेला साप जास्त चावतो, आणि कापलेलं डोकंसुद्धा काही वेळ दंश करू शकतं. मेलेला साप कोपऱ्यात टाकून घरचे चहा प्यायला आत जातात आणि कुत्रा तोच हुंगायला जातो, हे लक्षात असू द्या.

दंश झालाच असेल तर गळ्यातला पट्टा आधी काढा, कारण तोंडावर दंश असेल तर सूज मानेपर्यंत उतरते आणि तोच पट्टा फास होतो. कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या, मोठा असेल तर चादरीची झोळी करा. वेदनेत असलेला कुत्रा मालकालाही चावतो, तेव्हा त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन कुरवाळू नका. दोरी आवळून बांधणं, ब्लेडने कापणं, चोखणं, बर्फ, हळद, तूप, मिरची, कडुनिंबाचा पाला यातलं काहीच नको. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी तर नकोच, आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल कुत्र्याला एरवीही घातक ठरू शकतात. गावातल्या मांत्रिकाकडे नेलेली काही जनावरं जगतात हे खरं आहे. कारण बरेच साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही कधी कधी विष न सोडता नुसता चावतो. मांत्रिकाचा स्ट्राइक रेट त्यावर उभा आहे.

उपचार एकच आहे, प्रतिसर्पविष. आपण त्याला सर्पदंशाची लस म्हणतो, पण ती आधी टोचून ठेवायची लस नव्हे, दंशानंतर शिरेतून द्यायचं औषध आहे. थोडं थोडं विष टोचलेल्या घोड्यांच्या रक्तातून ते बनतं. त्यासाठीचं विष बरंचसं तमिळनाडूतल्या इरुला आदिवासींच्या १९७८ साली सुरू झालेल्या सहकारी संस्थेकडून येतं, आणि परळच्या हाफकिनमध्ये हे औषध अनेक दशकं बनत आलंय. माणसाला जी कुपी देतात तीच कुत्र्याला. तिच्यात वरच्या चारही सापांवरचा उतारा एकत्र असतो, म्हणून कुठला साप होता हे कळलं नाही तरी उपचार अडत नाही. साप पकडून डब्यात घालून दवाखान्यात नेण्याचं धाडस त्यामुळे निरर्थक आहे. लांबून फोटो मिळाला तर ठीक. (सह्याद्रीतला हिरवा चापडा या चौघांत येत नाही, पण ते डॉक्टरांनी बघायचं.) अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. या औषधाचा डोस वजनावर ठरत नाही. सापाने सोडलेलं विष तेवढंच असतं, मग समोर पाच किलोचा पामेरियन असो की चाळीस किलोचा जर्मन शेफर्ड. लहान कुत्र्याला कमी कुप्या पुरतील हा हिशेब चुकीचा आहे. आणि या औषधाची तीव्र अॅलर्जी येऊ शकते, त्यामुळे ते घरी टोचायचं नसतं.

इथे खरी गोम आहे.

माझी मावशी चिपळूणजवळच्या एका गावात राहते. तिच्याकडे ब्रूनो नावाचा आठ वर्षांचा लॅब्रेडॉर आहे. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात रात्री आठच्या सुमारास गडग्याच्या चिऱ्यांत नाक घालताना त्याला फुरसं चावलं. कोकणात फुरशी भरपूर, जांभ्या दगडाच्या फटीत ती सहज मावतात. काकांनी साप शोधत न बसता ब्रूनोला गाडीत घातलं आणि माझी मावसबहीण मागच्या सीटवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन फोन लावत बसली. पहिले डॉक्टर बाहेरगावी. दुसरीकडे दवाखाना उघडा होता, पण ते इंजेक्शन ठेवत नव्हते, वर्षाकाठी एखादा पेशंट येतो आणि मग कुपी एक्स्पायर होते म्हणे. तिसरे डॉक्टर शेजारच्या तालुक्यात, त्यांच्याकडे दोन कुप्या होत्या. ब्रूनो टेबलावर पोहोचला तेव्हा पावणेदहा वाजले होते. डॉक्टरांनी काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं हात न लावता ठेवलं. नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहत होतं, गोठलंच नव्हतं. दोन्ही कुप्या चढल्या, आणखी दोन माणसांच्या हॉस्पिटलजवळच्या मेडिकलमधून आणल्या. पहाटे परत नळी केली तेव्हा गुठळी धरली. चौथ्या दिवशी त्याने दूधभात खाल्ला.

ब्रूनो वाचला म्हणून त्याची बातमी झाली नाही. तो मेला असता तर 'मावशीच्या कुटुंबासाठी प्राण देणारा' झाला असता, आणि दुसऱ्या दवाखान्यात कुपी नव्हती हे वाक्य त्या बातमीत आलं नसतं. फोन न करता ते थेट त्या दुसऱ्या दवाखान्यात गेले असते तर काय झालं असतं, हे मावसबहीण अजूनही कधीतरी बोलते.

एका खाजगी डॉक्टरने तोट्यात कुप्या का ठेवाव्यात, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. कुपीची किंमत काही शे रुपये, एका जनावराला अनेक कुप्या लागतात, आणि त्यातले निम्मे मालक बिल ऐकून परत फिरतात. पण मग हे काम सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचं आहे ना? फ्रीज नाही, वीज जाते ही सबब पूर्ण खरी नाही, कारण हे औषध पावडरच्या स्वरूपातही मिळतं आणि ती पावडर थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी फ्रीजविना राहते. तालुक्याच्या प्रत्येक सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जून ते नोव्हेंबर ठरलेल्या संख्येने कुप्या असाव्यात आणि न वापरलेल्या कुप्या मुदत संपण्याआधी शेजारच्या ग्रामीण रुग्णालयाला द्याव्यात, एवढी साधी व्यवस्था पुरेल. ती कुपी कुत्र्याइतकीच गोठ्यातल्या गाईला आणि धनगराच्या शेळीला लागते. त्यांच्या मरणाचा तर फोटोही निघत नाही.

तुम्ही म्हणाल, इथे माणसांना मिळत नाही आणि तू कुत्र्यांचं काय घेऊन बसलीस. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, आणि त्यातली बहुतेक ग्रामीण भागातली. कुपी एकच असेल आणि दारात माणूस व कुत्रा दोघं असतील तर ती माणसालाच मिळाली पाहिजे, यात वादच नाही. पण तुटवडा हे नशीब नाही, ते नियोजन आहे. केंद्र सरकारने २०२४ साली सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३०पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं, आणि त्यात माणूस, प्राणी, पर्यावरण यांचं आरोग्य एकत्र बघायची भाषा आहे. ज्या अंगणात कुत्र्याला दंश होतो, त्याच अंगणात दुसऱ्या दिवशी एखादं पोर अनवाणी खेळतं. पशुवैद्याकडे आलेला दंश म्हणजे त्या वस्तीला मिळालेली आगाऊ सूचना. तिची कुठे नोंद झाली, ती आशाताईंपर्यंत पोहोचली, तर उपयोग माणसांनाच आहे.

सर्पमित्रांबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण त्यात आपल्याच वयाची मुलं जास्त आहेत. रात्री दोन वाजता स्वतःच्या पेट्रोलने येऊन साप घेऊन जाणारी मुलं मला माहीत आहेत, त्यांना सलाम. पण हुक आणि पिशवीऐवजी नुसत्या हाताने नाग धरणारे, घरातल्या कुत्र्याला मुद्दाम जवळ आणून 'आमनेसामने'चा रील काढणारेही आहेत. असा कोणी आला तर कॅमेरा बंद करायला सांगा. नाही ऐकलं तर पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलवा. आणि आपण तो रील लाइक करतो तेव्हा त्यात आपलाही वाटा असतो.

या आठवड्यात एक काम करा. तुमच्या नेहमीच्या प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन करून दोनच प्रश्न विचारा. तुमच्याकडे प्रतिसर्पविषाच्या किती कुप्या आहेत? रात्री दहानंतर कुणाला फोन करायचा? उत्तर 'नाही' आलं तर पुढच्या डॉक्टरांना, मग सरकारी दवाखान्याला. पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या दवाखान्यांचा टोल फ्री क्रमांक १९६२ आहे, तिथेही विचारून ठेवा. जिथे 'हो' मिळेल ते नाव आणि नंबर फ्रीजच्या दारावर, सोसायटीच्या ग्रुपवर आणि वॉचमनच्या केबिनमध्ये चिकटवा. रात्री सगळ्यात आधी भुंकणं ऐकतो तो वॉचमनच.

आणि वर्तमानपत्रात काम करणाऱ्या, करू पाहणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, पुढच्या शेरूचा फोटो डेस्कवर येईल तेव्हा बातमीदाराला परत फोन लावा. दंश किती वाजता झाला, दवाखान्यात किती वाजता पोहोचले, कुपी होती का, नव्हती तर का नव्हती. दोन कॉलमांच्या बातमीत या चार ओळी सहज बसतात.